फौंड्रीतला कार्बन मोजायचा कसा आणि कमी करायचा कसा: बेळगावच्या उद्यमबाग, मच्छेत नव्याने लागलेल्यांसाठी

हल्ली उद्यमबागेत कुठल्याही फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात जावा, एकच विषय: कार्बन, म्हणजे आपल्यामुळे हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड. कस्टमरकडून एक्सेल शीट आलंय, त्यात स्कोप वन (आपल्याकडेच जाळलेलं किंवा हवेत सोडलेलं), स्कोप टू (विकत घेतलेली वीज), स्कोप थ्री (कच्च्या मालापासून पुढची-मागची बाकी साखळी) असे रकाने आहेत आणि शेवटी विचारलंय की पुढच्या पाच वर्षांत किती टक्के कमी करणार. मालक ते शीट क्वालिटीवाल्याला फॉरवर्ड करतात, क्वालिटीवाला मेंटेनन्सकडे ढकलतो आणि मेंटेनन्सवाला परवाच लागलेल्या ट्रेनीला सांगतो, तू शिकलेला आहेस की, बघ काय ते. तर हे सगळं त्या ट्रेनीसाठी लिहितोय. डिग्री मेकॅनिकलची असो नाहीतर इलेक्ट्रिकलची, कॉलेजात हे कोणी धड शिकवत नाही आणि नेटवर जे मिळतं ते सगळं मोठमोठ्या कंपन्यांचं, आपल्या दोन फर्नेसच्या कारखान्याला त्यातलं निम्मं लागूच होत नाही.

आधी हे का विचारायलेत ते समजून घ्या, म्हणजे कस्टमरला काय पाहिजे ते कळेल. सेबीने शेअर बाजारातल्या वरच्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा रिपोर्ट सक्तीचा केलाय, त्यात त्यांना स्वतःचा कार्बन सांगावा लागतो आणि हळूहळू त्यांच्या सप्लायरचाही विषय त्यात यायला लागलाय. तुमचं कास्टिंग पुण्याच्या ट्रॅक्टरवाल्याकडे किंवा कोल्हापूर-किर्लोस्करवाडी बाजूच्या पंपवाल्याकडे जात असेल तर त्यांच्या हिशोबात तुम्ही स्कोप थ्री. दुसरं कारण युरोप. तिकडं सीबॅम म्हणून कार्बनचा सीमाकर आहे, ऑक्टोबर २०२३ पासून नुसता रिपोर्ट द्यायचा होता, जानेवारी २०२६ पासून पैशाचा भाग सुरू झाला. पण सीबॅमचं नाव ऐकून लगेच घाबरायचं नाही, आधी डिस्पॅचमध्ये जाऊन आपल्या मालाचा एचएस कोड (निर्यातीच्या कागदावरचा मालाच्या प्रकाराचा नंबर) बघायचा. ७३०७ म्हणजे पाइप फिटिंग त्या यादीत आहेत, ८७ चॅप्टरमधले गाड्यांचे पार्ट मूळ यादीत नाहीत. ‘आपल्याला सीबॅम लागतंय’ असं कोणीतरी कन्सल्टंट सांगून जातो आणि फी घेऊन जातो, तेव्हा पहिला प्रश्न कोड कुठला हाच विचारा.

आता कामाला लागूया.

बिलं गोळा करा, सॉफ्टवेअर नंतर

एप्रिल ते मार्च असं एक पूर्ण आर्थिक वर्ष धरा, कारण अकाउंटची सगळी बिलं तशीच लावलेली असतात. चार ढीग करायचे. हेस्कॉमचं लाईट बिल, डिझेलची बिलं (जनरेटर, फोर्कलिफ्ट, कंपनीचा टेम्पो), गॅसची बिलं (लेडल, म्हणजे वितळलेलं लोखंड न्यायचं भांडं, तापवायला एलपीजी असतो तो, कँटीनचा वेगळा) आणि चौथा ढीग म्हणजे किरकोळ, ज्यात कोअर शॉपला (कास्टिंगच्या आतल्या पोकळीचे वाळूचे गाभे करतात तिथं) येणारे सीओटूचे सिलिंडर, एसीत भरलेला गॅस, वेल्डिंगचा शील्डिंग गॅस असलं सगळं.

हेस्कॉमच्या बिलात कन्नड वाचता येत नसेल तर शेजारच्या टेबलवरच्या कोणालाही विचारा, त्यात लाज कसली. तुम्हाला हवे असतात ते युनिट, म्हणजे केडब्ल्यूएच. केव्हीएएच किंवा डिमांडचा आकडा उचलायचा नाही, पॉवर फॅक्टरमुळे दोन्हींत फरक पडतो आणि नवीन माणूस तिथेच चुकीचा आकडा शीटमध्ये टाकतो. बिलाची तारीख महिन्याच्या मध्ये असेल तर सगळीकडे तोच महिना धरून चला, बाराही बिलं आली की वर्षाचं गणित बसतं.

मग गुणाकार. हे आकडे एका कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवा:

डिझेल १ लिटर जाळलं की साधारण २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड. एलपीजी १ किलोला सुमारे ३ किलो. कोक १ किलोला सुमारे ३ किलो. ग्रीडची वीज १ युनिटला सुमारे ०.७२ किलो, हा आकडा केंद्रीय वीज प्राधिकरण म्हणजे सीईए दरवर्षी काढतं, २०२२-२३ चा ०.७१६ होता, त्यामुळे शीटमध्ये आकड्याच्या शेजारी ‘सीईए, अमुक वर्ष’ असं लिहायला विसरू नका, ऑडिटर पहिलं तेच विचारतो.

समजा महिन्याला ३०० टन चांगलं कास्टिंग बाहेर जातं अशी एक मध्यम फौंड्री आहे. आकडे मी समजण्यापुरते धरलेत. लाईट ४,२०,००० युनिट, म्हणजे ३०२ टन. डिझेल १५०० लिटर, म्हणजे ४ टन. १९ किलोचे वीस सिलिंडर एलपीजी, म्हणजे एक टनाच्या थोडं वर. ३० किलोचे वीस सीओटू सिलिंडर, ते तर सरळ हवेतच जातात, अर्धा-पाऊण टन. बेरीज ३०८ टन, एक टन कास्टिंगला एक टन कार्बन म्हटलं तरी चालेल.

आता या बेरजेकडे नीट बघा. डिझेल, गॅस, सिलिंडर हे सगळं स्कोप वन, आणि ते सगळं मिळून दोन टक्केसुद्धा होत नाही. लाईट बिल हा स्कोप टू, अठ्ठ्याण्णव टक्के तिथं बसलेत. म्हणून फोर्कलिफ्ट बॅटरीवरची घेऊया, कंपनीची गाडी इलेक्ट्रिक घेऊया, असल्या गोष्टींत पहिले सहा महिने घालवू नका, मालकाला ते आवडतं कारण फोटो चांगला येतो, पण आकडा हलत नाही.

एकच छोटी गोष्ट मात्र सोडू नका. पॅनेल रूमच्या एसीत दरवर्षी गॅस भरायला मेकॅनिक येतो. आर-४१०ए नावाचा गॅस असेल तर तो १ किलो लीक झाला म्हणजे सुमारे २ टन सीओटूइतका परिणाम, म्हणजे पावणेआठशे लिटर डिझेल जाळल्यासारखं. भरला किती ते मेकॅनिक बिलावर लिहीत नाही, नुसतं ‘गॅस चार्जिंग’ आणि रुपये. त्याच्याकडून किलो लिहून घ्यायची सवय लावा आणि लीक कुठंय ते शोधायला लावा, दरवर्षी गॅस लागतोय म्हणजे पाइपाला कुठंतरी भोक आहेच की.

टन कुठला धरायचा हे आधी ठरवा

हे बोरिंग आहे पण सगळ्यात जास्त भांडणं इथंच होतात. मेल्टिंगवाला म्हणतो आपण ५२५ टन केलं, डिस्पॅचवाला म्हणतो ३०० टन गेलं. दोघंही खरं बोलतात. मेल्टिंगचा टन म्हणजे वितळलेलं लोखंड, डिस्पॅचचा टन म्हणजे गाडीत भरलेलं कास्टिंग, मधलं सगळं रनर (साच्यात लोखंड जायची वाट), रायजर (कास्टिंग थिजताना त्याला लोखंड पुरवणारा जादा साठा), रिजेक्शन होऊन परत फर्नेसमध्ये आलं. कस्टमरला द्यायचा आकडा नेहमी डिस्पॅचच्या टनावर, कारण तो तेच विकत घेतो. पण तुम्हाला काम करायला दोन्ही लागतात: वितळलेल्या टनामागे युनिट किती, आणि चांगल्या टनामागे युनिट किती. पहिला आकडा फर्नेसची तब्येत सांगतो, दुसरा अख्ख्या कारखान्याची.

कार्बनचे एकूण टन नुसते सांगू नका, टनामागे किती ते सांगा. दिवाळीनंतर ऑर्डर कमी झाल्या की एकूण कार्बन आपोआप कमी होतो, त्यात आपली हुशारी काहीच नाही.

सब-मीटर बसवा

हेस्कॉमचा मीटर गेटवर एकच. आत वीज कुठं गेली ते तो सांगत नाही. फर्नेस, कंप्रेसर, सँड प्लांट, शॉट ब्लास्टिंग आणि उरलेलं असे पाच फीडर धरले तर पाच मीटर. पॅनेलवर बसणारे साधे एनर्जी मीटर फार महाग नसतात, सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) आधीच बसवलेले असतील तर आणखी सोपं. ऑनलाईन डॅशबोर्ड वगैरे नंतर बघू, सुरुवातीला शिफ्ट संपताना वॉचमन किंवा इलेक्ट्रिशियन वहीत रीडिंग लिहील एवढं पुरे. वही मराठीत असो नाहीतर कन्नडमध्ये, आकडा आकडाच असतो.

महिनाभराने दिसेल की सत्तर-पंचाहत्तर टक्के वीज फर्नेस खातंय. म्हणजे काम तिथं.

फर्नेसजवळ उभं राहा

आता खरं काम. हातात स्टॉपवॉच, खिशात वही, आणि फर्नेसवाल्या मामांशी दोस्ती. त्यांनी वीस वर्षं हीट (फर्नेस एकदा भरून वितळवणं म्हणजे एक हीट) मारल्यात, तुम्ही काल आलाय, तेव्हा शिकवायला जायचं नाही, नुसतं बघायचं आणि लिहायचं. पॉवर कधी दिली, चार्ज कधी संपला, सॅम्पल लॅबला कधी गेलं, रिपोर्ट कधी आला, टॅपिंग (लोखंड बाहेर ओतणं) कधी झालं, तापमान किती होतं. प्रत्येक हीटचे युनिट आणि वजन.

इंडक्शन फर्नेसमध्ये एक टन लोखंड पंधराशे डिग्रीच्या आसपास न्यायला कागदावर चारशेच्या आत युनिट पुरतात. प्रत्यक्षात कुठं ५५०, कुठं ६५०, आणि जुन्या फर्नेसवर ७०० सुद्धा बघायला मिळतात. हा मधला फरक म्हणजे तुमची नोकरी, असं समजा. तो फरक कुठं जातो ते एकेक बघू.

झाकण. फर्नेसला झाकण असतं, पण बऱ्याच ठिकाणी ते बाजूला भिंतीला टेकवून ठेवलेलं असतं, त्यावर कोणीतरी डबाही ठेवलेला असतो. कारण विचारलं तर मामा सांगतील की चेन अडकते, चार्ज टाकताना मध्ये येतं. बरोबर आहे त्यांचं. मग झाकणाला हायड्रॉलिक किंवा निदान नीट फिरणारा हात करून द्या, नुसतं ‘झाकण लावा’ असा बोर्ड लावून कोणी लावत नाही. दीड हजार डिग्रीचं लाल तोंड उघडं राहिलं की उष्णता सरळ छताकडं जाते, उन्हाळ्यात तिथं उभं राहून बघा, सांगायची गरज नाही.

स्क्रॅप. वाळू लागलेले रनर-रायजर तसेच फर्नेसमध्ये टाकले की वाळूचा स्लॅग (वर तरंगणारी मळी) होतो, आणि एक टक्का स्लॅग वितळवायला टनामागे दहा एक युनिट जास्त जातात. वर स्लॅग काढायला पाच मिनिटं पॉवर होल्डवर. रिटर्न एकदा शॉट ब्लास्टमधून किंवा टंबलिंग बॅरलमधून काढले की फरक दिसतो. गंजलेलं, तेलकट भंगार स्वस्त पडतं असं पर्चेसवाल्याला वाटतं, त्याला युनिटचा आकडा दाखवा, रागावून काही होत नाही.

तापमान. ‘थोडं जास्त गरम असू दे, लेडलमध्ये थंड होतंय’ म्हणून ५० डिग्री जादा चढवतात. त्याने टनामागे पंधरा-वीस युनिट सहज जातात. खरं दुखणं लेडलमध्ये असतं: लेडल नीट तापवलेला नाही किंवा आतलं इन्सुलेशन गेलंय किंवा पोअरिंग लाईन लांब आहे. लेडलला झाकण आणि चांगलं प्रीहीटिंग दिलं तर फर्नेसचं तापमान आपोआप खाली आणता येतं. पण हे मेटलर्जीवाल्याला विचारून, एकदम नको, पातळ सेक्शनच्या कास्टिंगला कोल्ड शट (लोखंड लवकर थंड होऊन न जुळलेली फट) आला तर सगळी बचत रिजेक्शनमध्ये गेली.

थांबणं. लॅबचा रिपोर्ट यायला पंधरा मिनिटं, क्रेन दुसऱ्या बेमध्ये अडकलीये, मोल्ड तयार नाहीत, आणि फर्नेस भरून तयार. हा होल्डिंगचा वेळ लिहून काढा. बऱ्याचदा उपाय मेल्टिंगमध्ये नसतोच, मोल्डिंगच्या नियोजनात असतो. सॅम्पल घेऊन पळणारा माणूस कोण आहे, लॅब किती लांब आहे, असल्या बावळट वाटणाऱ्या प्रश्नांतून टनामागे युनिट निघतात.

सगळ्यात स्वस्त टन म्हणजे न वितळवलेला टन

माझं ठाम मत आहे, आणि यावर फौंड्रीतली जुनी माणसं वाद घालतील तर घालू द्या: नव्या माणसाने पहिल्या वर्षात सोलरच्या आधी यील्डवर काम करावं.

गणित करून बघा. फर्नेस टनाला ६०० युनिट घेतंय. कास्टिंगचं यील्ड ६० टक्के, म्हणजे शंभर किलो ओतलं तर साठ किलो कास्टिंग, चाळीस किलो रनर-रायजर. त्यात रिजेक्शन ५ टक्के. तर एक टन चांगला माल द्यायला तुम्ही पावणेदोन टन लोखंड वितळवलंत, १०५३ युनिट गेले. आता मेथडिंग (रनर-रायजर कुठं आणि केवढे ठेवायचे ती आखणी) सुधारून यील्ड ६५ केलं आणि रिजेक्शन ३ टक्क्यांवर आणलं, की तोच टन १.५९ टनांत बसतो, ९५२ युनिट. टनामागे शंभर युनिट वाचले. महिन्याला ३०० टनांवर तीस हजार युनिट, जवळजवळ २२ टन कार्बन, आणि लाईट बिलात दोन लाखांच्या आसपास.

एवढे तीस हजार युनिट सोलरने काढायचे म्हटले तर २५० किलोवॅटचा प्लांट लागतो आणि छपरावर पंचवीस हजार स्क्वेअर फूट जागा. इथं नवीन मशीन काहीच नाही. सॉलिडिफिकेशन सिम्युलेशनचं (साच्यात लोखंड कसं थिजतं ते कॉम्प्युटरवर दाखवणारं) सॉफ्टवेअर आता छोट्या फौंड्रीलाही परवडतंय, स्वतःकडे नसेल तर बाहेरून एका-एका पार्टचं करून मिळतं. सगळ्या पार्टवर एकदम हात घालू नका. जास्त वजनाने जाणारे आठ-दहा पार्ट काढा, त्यांचं ओतलेलं वजन आणि कास्टिंगचं वजन शेजारी शेजारी लिहा, जिथं रायजर कास्टिंगपेक्षा जाड दिसतोय तिथून सुरू करा. एक्झोथर्मिक स्लीव्ह (रायजरभोवती बसवायची, स्वतः उष्णता देणारी नळी) वापरून रायजर लहान होतो, स्लीव्हचे पैसे जातात, पण हिशोब करून बघा म्हणजे कळेल.

रिजेक्शनचं पण तसंच. कार्बनचं शीट भरणारा आणि रिजेक्शनचं पॅरेटो (कुठल्या कारणाने किती माल गेला त्याची उतरती यादी) काढणारा हे दोघे एका टेबलवर बसले पाहिजेत. बहुतेक ठिकाणी ते एकमेकांना ओळखतही नाहीत.

कंप्रेसर, म्हणजे रविवारचं काम

कॉम्प्रेस्ड हवा ही फौंड्रीतल्या महाग गोष्टींपैकी एक आहे पण ती फुकट असल्यासारखी वापरतात, कपड्यावरची धूळ उडवायलाही नळी घेतात. रविवारी सगळी मशीन बंद असताना एक टेस्ट करा. कंप्रेसर चालू करा, सिस्टीम प्रेशरला येऊ द्या. हवा कोणीच वापरत नाही, तरी थोड्या वेळाने कंप्रेसर लोड घेतो, मग अनलोड होतो, मग परत लोड. लोडवर किती वेळ, अनलोडवर किती वेळ, दहा-बारा वेळा लिहा. लोडचा वेळ भागिले दोन्हींची बेरीज, गुणिले शंभर, हे झालं लीकेज. लोड दोन मिनिटं आणि अनलोड तीन मिनिटं असेल तर ४० टक्के हवा गळतीत जातेय. दहा टक्क्यांच्या आत असेल तर तुमच्या मेंटेनन्सवाल्याला चहा पाजा.

त्याच शांततेत कान देऊन लाईनीवरून फिरा. फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करायच्या) सेक्शनमध्ये ग्राइंडरच्या कपलिंगजवळ, मोल्डिंग मशीनच्या मागच्या होजला वायरने बांधलेलं असतं तिथं, आणि बंद पडलेल्या मशीनला अजून हवा जोडलेलीच असते तिथं, सूं सूं आवाज येईल. साबणाचं पाणी लावून खडूने खूण करा. सात बारवर तीन मिलिमीटरचं एक भोक तीन-चार किलोवॅट खातं, वर्षाला सहा हजार तास धरले तर वीस हजार युनिट, म्हणजे चौदा-पंधरा टन कार्बन, एका भोकाचे.

गळती थांबली की प्रेशर खाली आणून बघा. एक बार कमी केलं की कंप्रेसरची वीज सहा-सात टक्के उतरते. तक्रार आली तर थोडं वर घ्या, जिथं खरंच जास्त लागतं तिथं छोटा बूस्टर.

मोटारींबद्दल थोडक्यात: जळालेली मोटर तिसऱ्यांदा रिवाइंड करण्यापेक्षा आयई३ (कमी वीज खाणाऱ्या वर्गातली) नवीन घ्या. डस्ट कलेक्टरचा आणि कूलिंग टॉवरचा फॅन डॅम्पर अर्धा बंद करून चालत असेल तर तिथं व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं ड्राइव्ह) लावा, वेग वीस टक्के कमी केला की वीज जवळजवळ निम्मी होते.

कपोला असलेल्यांसाठी

काही जणांकडं अजून कपोला (कोक जाळून लोखंड वितळवणारी उभी भट्टी) आहे आणि त्यांना सगळे सांगतात इंडक्शन घ्या, कार्बन कमी होईल. थांबा. चांगल्या चालणाऱ्या कपोलात टनाला १२० किलो कोक धरला तर ३६० किलो कार्बन डायऑक्साइड, चुनखडीचे दहा-पंधरा किलो वेगळे. इंडक्शनचे ६०० युनिट ग्रीडच्या विजेवर ४३२ किलो. म्हणजे ग्रीडवर इंडक्शन घेतलं तर कार्बन उलट वाढू शकतो! धूर कमी होतो, प्रदूषण मंडळाचा त्रास कमी होतो, केमिस्ट्री हातात राहते, भंगार जास्त वापरता येतं, हे सगळं खरं आणि त्यासाठी इंडक्शन घ्यावंच, पण कार्बनचा फायदा वीज हिरवी झाल्यावरच. आणि कपोला ठेवायचाच असेल तर डिव्हायडेड ब्लास्टचा विचार करा, हवा दोन ओळींतून देतात आणि कोक चांगलाच कमी लागतो, टेरी या ऊर्जा संशोधन संस्थेने हे हावड्याच्या फौंड्रीत करून दाखवलंय.

आता सोलर आणि वारा

कर्नाटकात १ किलोवॅट सोलर वर्षाला साधारण १४०० ते १५०० युनिट देतं. पण आपलं बेळगाव आहे, जून ते सप्टेंबर ढग हटत नाहीत, जुलैत मीटर बघून मालक फोन करतील की प्लांट बंद पडलाय काय. त्यांना वर्षाचा आकडा आधीच सांगून ठेवा, आणि महिन्याचं बजेट त्याप्रमाणे करा. फौंड्रीच्या छपरावर वाळू आणि कार्बनची धूळ बसते, पॅनेल पुसायला माणूस आणि पाणी ठरवून ठेवलं नाही तर उन्हाळ्यातलाही आकडा येत नाही. पत्रे जुने असतील तर आधी स्ट्रक्चर तपासा.

छपरावरच्या सोलरने फर्नेसचं पोट भरत नाही. चार लाख युनिटांपैकी वीस-तीस हजार निघतील. मोठा भाग बाहेरून आणावा लागतो. २०२२ च्या ग्रीन एनर्जी ओपन ॲक्सेसच्या (हेस्कॉमऐवजी दुसऱ्या उत्पादकाकडून हिरवी वीज घेण्याच्या) नियमांनी १ मेगावॅटची मर्यादा १०० किलोवॅटवर आणली, त्यामुळे मध्यम फौंड्रीलाही गदग बाजूच्या वाऱ्याची किंवा उत्तर कर्नाटकातल्या सोलर पार्कची वीज घेता येते. ग्रुप कॅप्टिव म्हणून जो प्रकार आहे त्यात वीज घेणाऱ्यांनी मिळून त्या प्लांटमध्ये किमान २६ टक्के भागभांडवल टाकायचं आणि किमान ५१ टक्के वीज वापरायची, मग क्रॉस सबसिडी सरचार्ज (बाहेरून वीज घेतली म्हणून लागणारा जादा आकार) लागत नाही. पावसाळ्यात सोलर पडतं तेव्हाच वारा जोरात असतो, म्हणून दोन्ही मिळून घेतलेलं बरं. व्हीलिंग (तारांतून वीज आणायचं भाडं), बँकिंगचे (जादा वीज ग्रीडमध्ये जमा ठेवायचे) दर केईआरसी म्हणजे राज्याचा वीज नियामक आयोग बदलत असतो, त्यामुळे करार करताना ‘दर वाढले तर कोण सोसणार’ ही ओळ वकिलाकडून वाचून घ्या. शेजारच्या चार फौंड्रींनी मिळून केलं तर घासाघीस जास्त चांगली होते.

शीटमध्ये हे लिहिताना स्कोप टू दोन प्रकारे दाखवायचा असतो. एक लोकेशन बेस्ड, म्हणजे सगळ्या युनिटांना ग्रीडचाच आकडा. दुसरा मार्केट बेस्ड, म्हणजे करारातली हिरवी वीज शून्य धरून. दोन्ही द्या. नुसता दुसरा दिला की समोरचा विचारतोच.

झाडं? वनमहोत्सवाला लावा की, जरूर लावा. पण शीटमध्ये वजा करू नका. मोठं झालेलं झाड वर्षाला वीस-पंचवीस किलो पकडतं असं धरलं तरी आपल्या उदाहरणातल्या फौंड्रीला दीड-दोन लाख झाडं लागतील.

स्कोप थ्री, जेवढा जमेल तेवढा

इथं अडकून पडू नका. फौंड्रीच्या स्कोप थ्रीत सगळ्यात जड गोष्ट पिग आयर्न, म्हणजे ब्लास्ट फर्नेसमधून येणारं कच्चं लोखंड. होस्पेट-कोप्पळ बाजूने येणारं एक टन पिग बनवताना ब्लास्ट फर्नेसमध्ये ढोबळ मानाने दोन टन कार्बन डायऑक्साइड आधीच निघालेला असतो. म्हणजे चार्जमध्ये पिगचं प्रमाण दहा टक्क्यांनी कमी करून तिथं स्टील स्क्रॅप आणि रीकार्बरायझर (लोखंडात कार्बन वाढवणारी पूड) घातला, तर टनामागे दोनशे किलोच्या आसपास फरक पडतो, फर्नेसवर वर्षभर घाम गाळून मिळतो त्यापेक्षा जास्त. हे तुमच्या शीटच्या स्कोप थ्रीत दिसेल, स्कोप टूत नाही. एसजी आयर्नमध्ये (गोल ग्रॅफाइटचं, न तुटणारं लोखंड) स्क्रॅपचं मँगनीज, क्रोम बघूनच करा.

शेजारीपाजारी दुसऱ्या धंद्यात लागलेले मित्र विचारतात म्हणून दोन ओळी. चिकोडी, संकेश्वर, गोकाक भागातल्या साखर कारखान्यात असाल तर तुमचं चित्र वेगळं, तिथं बगॅस (उसाचं चिपाड) जाळून वीज आणि वाफ होते, तो कार्बन बायोजेनिक (वनस्पतीतून आलेला) म्हणून स्कोपच्या बाहेर वेगळ्या ओळीत दाखवायचा, पण बॉयलरमधला थोडा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड स्कोप वनमध्ये येतो, आणि हंगाम संपल्यावर कोळसा टाकला असेल तर तो पूर्ण स्कोप वन. डिस्टिलरीचा स्पेंट वॉश (उरलेलं सांडपाणी) उघड्या तळ्यात ठेवला तर मिथेन सुटतो, बंद डायजेस्टरमध्ये घातला तर गॅस मिळतो. ॲल्युमिनाच्या कारखान्यात वाफ आणि कॅल्सिनेशन (माल भट्टीत भाजणं) हे दोन मोठे. त्यांचा रिपोर्ट बघून फौंड्रीचा प्लॅन कॉपी करू नका एवढंच.

पैसे आणि मदत

बेळगाव हा देशातल्या जुन्या फौंड्री क्लस्टरांपैकी एक, त्यामुळे इथं बरंच काम आधी झालंय. बीईई (केंद्राची ऊर्जा बचतीची संस्था) आणि युनिडो (संयुक्त राष्ट्रांची उद्योग संस्था) यांच्या प्रकल्पात कोइमतूर, इंदूरबरोबर बेळगावच्या फौंड्री होत्या, तेव्हाचे क्लस्टर रिपोर्ट नेटवर मिळतात, आपल्याच गावातल्या फर्नेसचे आकडे त्यात आहेत, ते आधी वाचा. एनर्जी ऑडिट करून घेताना बीईईचा सर्टिफाइड ऑडिटर आहे का बघा, आणि तो मोजमापं घेऊन जातो की नुसते फोटो काढून जातो तेही बघा. नवीन मशीन घ्यायचं असेल तर २०२५ मध्ये आलेली बीईईची अदिती योजना विचारा, सूक्ष्म आणि लघु उद्योगाला व्याजात ५ टक्के, मध्यम उद्योगाला ३ टक्के सवलत, आणि फौंड्री त्यात बसते. बँकेत मॅनेजरला माहीत नसेल तर योजनेचा कागद प्रिंट काढून घेऊन जा.

मालकापुढे मांडताना टन सांगू नका, रुपये सांगा. ‘सावकार, महिन्याला दोन लाख’ म्हटलं की खुर्ची पुढं सरकते, टन कस्टमरसाठी.

शीट पाठवायच्या आधी

टार्गेटचा रकाना कस्टमरला खूश करायला भरू नका. वर सांगितलेल्यांपैकी जी कामं करणार त्यांची यादी घ्या, प्रत्येकापुढे युनिट लिहा, बेरीज करा, त्यातलं तीन चतुर्थांश होईल असं धरा आणि तेवढंच टक्क्यांत लिहा. बेस इयर, म्हणजे कुठल्या वर्षाच्या तुलनेत कमी करणार, ते लिहा. पुढं एखादी फर्नेस वाढली किंवा मशीन शॉप विकत घेतलं तर बेस इयरचा आकडा परत काढावा लागतो, त्यासाठी मूळ बिलांच्या पीडीएफ वर्षावार फोल्डरमध्ये ठेवा आणि एक कॉपी अकाउंटवाल्या मॅडमकडे द्या. तुम्ही उद्या पुण्याला नोकरी बदलून गेलात तर पुढच्या ट्रेनीला निदान फोल्डर तरी सापडेल, पासवर्ड तेवढा त्यांना सांगून जावा.